कोरं चित्र : ब्लिदाच्या परक्या डॉक्टरची गोष्ट

(गावांत आणि वस्त्यांमध्ये समुपदेशनाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे लिखित रूप.)

कालच्या गटचर्चेनंतर प्रत्येक गटाने आपापल्या अडचणी मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावल्या आहेत. मी सकाळी चहा घेता घेता ते कागद वाचत होते. जवळजवळ प्रत्येक कागदावर एक वाक्य आहे : ‘बायका बोलत नाहीत.’ कुणी लिहिलंय ‘प्रतिसाद कमी’, कुणी लिहिलंय ‘मनमोकळेपणा नाही’. अर्थ एकच. हे वाक्य मीही माझ्या अहवालांत अनेकदा लिहिलेलं आहे. त्यातल्या एका अहवालाबद्दल मी शेवटी बोलणार आहे, कारण त्याची किंमत एका बाईने मोजली.

त्याआधी एका डॉक्टरची गोष्ट सांगते. तो आपल्या देशातला नव्हता, बाई नव्हता, स्त्री-चळवळीशी त्याचा संबंध नव्हता. पण ‘हे लोक बोलत नाहीत’ या वाक्याशी त्याचीही गाठ पडली होती. त्याचं नाव फ्रांझ फॅनन. आपल्यापैकी काहीजणींनी ते क्रांतिकारक विचारवंत म्हणून ऐकलं असेल. मला आज तो डॉक्टर म्हणून हवा आहे. परक्या मुलखातून एका वसाहतीतल्या लहानशा शहरात नोकरीला आलेला, तिथली भाषा न येणारा डॉक्टर.

फॅननचा जन्म १९२५ सालचा, मार्टिनिकचा. मार्टिनिक हे वेस्ट इंडीजमधलं फ्रेंचांच्या ताब्यातलं बेट. तिथल्या ऊसमळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे तो वंशज. शाळेत त्याला शिकवलं गेलं की आपण फ्रेंच आहोत. त्याने ते खरं मानलं. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रान्ससाठी लढायला गेला, जखमी झाला, त्याला शौर्यपदकही मिळालं. आणि तिथेच त्याला कळलं की पदक मिळालं तरी गोऱ्यांच्या नजरेत आपण आधी काळे आणि मग बाकी सगळं. पुढे त्याने फ्रान्समधल्या लिआँ शहरात वैद्यकीय शिक्षण घेतलं, मानसोपचाराकडे वळला. नंतर सेंट आल्बां इथल्या मनोरुग्णालयात फ्रांस्वा तोस्केल यांच्या हाताखाली त्याने काम केलं. तोस्केल स्पेनमधून, फ्रँकोच्या हुकूमशाहीतून निसटून आलेले. त्यांचं म्हणणं असं की नुसत्या रोग्यावर उपचार करून भागत नाही, रुग्णालयावरही उपचार करावे लागतात. जिथे माणसाला कुलुपात ठेवलं जातं, त्याला काही काम नाही, काही मत नाही, तिथे शहाणाही वेडा होईल. म्हणून रोग्यांच्या सभा, रोग्यांचं वर्तमानपत्र, सण, नाटक, हातकाम. रुग्णालय हा एक छोटा समाज झाला पाहिजे, अशी ती पद्धत होती.

ही पद्धत शिकून फॅनन नोव्हेंबर १९५३ मध्ये अल्जीरियात, ब्लिदाच्या मनोरुग्णालयात प्रमुख डॉक्टर म्हणून रुजू झाला. वय २८. बरोबर नुकतीच लग्न झालेली गोरी फ्रेंच बायको, जोसी.

आता ब्लिदा कसं होतं ते जरा डोळ्यांसमोर आणा. राजधानी अल्जीअर्सपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, ॲटलास डोंगराच्या पायथ्याचं शहर. समोर मितिजाचं सुपीक मैदान, द्राक्षांचे मळे, संत्र्यांच्या बागा. गुलाबांचं शहर म्हणून त्याची ख्याती. पण मळे कुणाचे? फ्रेंचांनी १८३० पासून हा देश घ्यायला सुरुवात केली आणि चांगली जमीन युरोपातून आलेल्या वसाहतकारांच्या हाती गेली. ज्यांची ती जमीन होती त्यांची नातवंडं त्याच मळ्यांत मजुरीला. १९५४ च्या सुमाराला देशात सुमारे १० लाख युरोपीय आणि ८० लाखांहून अधिक मुस्लिम होते. गावठाण आणि वेशीबाहेरची वस्ती आपल्याला नवी नाही, त्यामुळे त्या शहराची रचना मी जास्त सांगत बसत नाही.

रुग्णालयातही तीच रचना. युरोपीय रोगी वेगळे, मुस्लिम रोगी वेगळे. आणि या वेगळेपणाला शास्त्राचा आधार दिलेला! अल्जीअर्सला आंत्वान पोरो नावाचे प्राध्यापक होते, तिथल्या मानसोपचाराचे जनक. त्यांच्या शाखेची शिकवण अशी की उत्तर आफ्रिकेचा माणूस मुळात आदिम बुद्धीचा, आवेगी, हिंसक, विचार करायला असमर्थ. हे पुस्तकांत छापलेलं होतं, विद्यार्थी ते पाठ करून परीक्षा देत होते. म्हणजे एखादा मजूर गप्प बसला, तर तो का गप्प आहे हे विचारायची गरजच नाही. ‘त्यांचा मेंदूच तसा’ हे उत्तर तयार.

फॅननच्या हाती दोन विभाग आले : १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुस्लिम पुरुष. त्याने दोन्हीकडे एकच पद्धत लावली. समान वागणूक द्यायची, असा त्याचा प्रामाणिक हेतू.

स्त्रियांच्या विभागात थोड्याच दिवसांत फरक दिसला. सभा व्हायला लागल्या. नाताळ साजरा झाला. सिनेमा, संगीत, शिवणकाम, विणकाम सुरू झालं. डिसेंबर १९५३ पासून रुग्णालयाचं छोटं वर्तमानपत्रही निघालं. वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसलेल्या बायका उठल्या, आपले कपडे नीट करायला लागल्या, बोलायला लागल्या.

पुरुषांच्या विभागात मात्र काहीच हलेना. सभेला माणसं येऊन बसत, दुभाष्या प्रश्न विचारी, उत्तर नाही. सामूहिक गाणं ठेवलं, कुणी गाईना. टोपल्या-चटया विणायचं काम ठेवलं, कुणी हात लावीना. वर्तमानपत्र काढलं, पण वाचणार कोण? बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. काही महिने असे गेले. पोरोच्या विद्यार्थ्यांना हे कळलं असतं तर ते म्हणाले असते, आम्ही सांगत नव्हतो?

मैत्रिणींनो, इथे हा डॉक्टर मला जवळचा वाटतो. त्याने अहवालात ‘प्रतिसाद नाही’ लिहून काम बंद केलं नाही. तो आणि त्याचा सहकारी जाक आझुले, हा अल्जीरियातलाच ज्यू तरुण, दोघांनी आपलं काय चुकलं याचा शोध घेतला आणि १९५४ मध्ये तो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. डॉक्टरांनी स्वतःचं अपयश छापायचं, हे तेव्हाही दुर्मीळ होतं आणि आजही आहे.

त्यांना काय सापडलं? एकेक गोष्ट ऐका. टोपल्या विणणं हे तिथल्या खेड्यातल्या पुरुषाच्या लेखी बायकांचं काम. चारचौघांत गाणं म्हणणं हे व्यावसायिक गवयाचं काम, घरंदाज माणसाचं नव्हे. जे सण साजरे केले ते ख्रिस्ती. आणि दुभाष्या! त्या देशात गरीब माणसाला दुभाष्या भेटायचा कुठे? पोलीस चौकीत आणि कोर्टात. म्हणजे दुभाष्या समोर आला की माणूस सावध होणार, तोंड मिटणार. डॉक्टरला अरबी येत नव्हती, कबाइली येत नव्हती, आणि ज्या पुलावरून तो रोग्यापर्यंत पोचायला बघत होता तो पूल सरकारी होता.

मग त्यांनी बदल केले. रुग्णालयात गावाकडे असतो तसा अरबी पद्धतीचा कॉफीचा अड्डा सुरू केला. मुस्लिम सण पाळायला सुरुवात केली. गोष्टी सांगणारा कथेकरी बोलावला. टोपल्यांच्या ऐवजी कुदळ-फावडं दिलं, बागकाम दिलं, फुटबॉलचं मैदान झालं. हळूहळू माणसं बोलती झाली. फॅननने स्वतःच म्हटलं की आपण वसाहतवादाच्या विरोधात आहोत असं समजून आपण वसाहतवाद्यांचंच करत होतो : आमच्यासारखे व्हा म्हणजे बरे व्हाल.

इथपर्यंतची गोष्ट पुरुषांची झाली. आपल्याला जास्त लागू आहे ती पुढची.

१९५६ मध्ये फॅनन आणि शार्ल जेरोनिमी या दुसऱ्या सहकाऱ्याने मुस्लिम स्त्री-रुग्णांबरोबर केलेल्या कामाचा एक निबंध मांडला. मानसोपचारात एक चाचणी असते, टी. ए. टी. म्हणतात. रोग्याला एकेक चित्र दाखवायचं आणि त्यावरून गोष्ट सांगायला सांगायची. चित्रात काय चाललंय, आधी काय झालं, पुढे काय होईल. गोष्टीतून मनातलं बाहेर येतं. ही चाचणी १९३५ मध्ये अमेरिकेत ख्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी मांडली. मूळ निबंधावर मॉर्गनबाईंचं नाव पहिलं होतं, काही चित्रंही त्यांच्या हातची होती. १९४३ मध्ये चाचणीचा संच छापून आला तेव्हा लेखक म्हणून नाव राहिलं ते मरे यांचं. हे जाता जाता सांगितलं, नोंद असावी म्हणून.

त्या संचातलं पहिलं चित्र आहे समोर व्हायोलिन ठेवून बसलेल्या मुलाचं. बरीचशी चित्रं अमेरिकन घरांतली, अमेरिकन कपड्यांतली. ती ब्लिदाच्या मुस्लिम बायकांपुढे ठेवली. बायका काय करत? त्या चित्रातल्या वस्तू एकेक करून सांगत. हा मुलगा. हे टेबल. गोष्ट मात्र तयार होईना. त्या अडखळत, चाचपडत, दमून जात. जुन्या शास्त्राप्रमाणे निष्कर्ष सोपा होता : कल्पनाशक्ती नाही.

पण त्या संचात एक कार्ड कोरं असतं. सोळावं. त्यावर काहीही नसतं, नुसता पांढरा कागद. त्याच बायकांपुढे ते कोरं कार्ड ठेवलं तेव्हा त्या बोलायला लागल्या. मोकळ्या, भरगच्च गोष्टी आल्या. फॅनन आणि जेरोनिमी यांचा निष्कर्ष असा की या बायकांच्या मनात काही कमी नाही. चित्रातलं जग त्यांना आत घेत नाही. ते जग बाजूला केलं की त्यांचं स्वतःचं जग कागदावर उतरतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. मला माझ्या पिशवीतली चित्रं आठवली.

ती सांगण्याआधी या डॉक्टरची गोष्ट पुरी करते, कारण त्याला पूज्य करून भिंतीवर टांगावं असं मला वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५४ ला अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. ब्लिदाच्या रुग्णालयात छळ झालेले येत आणि छळ करणारेही येत. फॅनन दोघांवर उपचार करी, आणि लपून स्वातंत्र्यसैनिकांनाही मदत करी. त्याच्या शेवटच्या पुस्तकात एका युरोपीय पोलीस निरीक्षकाची केस आहे. दिवसभर कोठडीत कैद्यांचे हाल करून हा घरी यायचा आणि मुलांना, अगदी तान्ह्या बाळालाही मारायचा. बायको मध्ये पडली तर तिला. एका संध्याकाळी त्याने तिला खुर्चीला बांधून मारलं. तो डॉक्टरकडे आला, पण नोकरी सोडायला तयार नव्हता. त्याला हवं होतं ते असं औषध, की काम चालू राहील आणि मनाला त्रास होणार नाही.

राज्याची हिंसा आणि घरातली हिंसा यांचा सांधा इतका उघडा करून दाखवणारी केस मी दुसरी वाचलेली नाही. तरीही तुम्ही आता जो प्रश्न विचाराल तोच मीही विचारते. खुर्चीला बांधलेल्या त्या बाईला कुणी विचारलं? तिची केस कुठे आहे? पुस्तकात रोगी म्हणून तिचा नवरा आहे. ती त्याच्या आजाराचं एक लक्षण म्हणून येते, आणि जाते. ज्याने कोऱ्या कार्डाचं महत्त्व ओळखलं, त्याच्याही हातून हे सुटलं.

दुसरंही सुटलं. १९५९ च्या पुस्तकात त्याने मोठ्या उमेदीने लिहिलं की लढ्यात उतरलेली अल्जीरियन स्त्री बदलली आहे, बापाचं आणि नवऱ्याचं तिच्याशी असलेलं नातंही बदललं आहे. लढ्यात बायका खरोखरच होत्या, तुरुंगात गेल्या, छळ सोसला. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला. आणि १९८४ मध्ये त्याच स्वतंत्र देशाच्या कौटुंबिक कायद्याने प्रौढ बाईच्याही लग्नाला पुरुष पालक लागेल असं ठरवलं, पुरुषाला एकाहून जास्त बायकांची मुभा ठेवली. अल्जीरियातल्या बायका त्याविरुद्ध लढल्या, २००५ मध्ये त्यात काही दुरुस्त्या झाल्या. स्वातंत्र्यानंतर बायकांचं आपोआप होईल, हे आपल्यालाही सांगितलं गेलं होतंच की.

१९५६ च्या अखेरीला फॅननने राजीनामा दिला. त्याचा युक्तिवाद असा : माणूस आपल्या परिसरात परका राहू नये हे मानसोपचाराचं काम. इथे तर राज्यव्यवस्थाच माणसाला त्याच्या स्वतःच्या देशात परका करते आहे. मग मी कुणाला आणि कशासाठी बरा करू? जानेवारी १९५७ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं. तो ट्युनिसला गेला, तिथेही डॉक्टरकी केली, आणि डिसेंबर १९६१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारला. वय ३६. स्वातंत्र्य त्याने पाहिलं नाही. त्याची शेवटची दोन्ही पुस्तकं त्याने येरझाऱ्या घालत तोंडी सांगितली आणि मारी-जान मान्युएलां या सामाजिक कार्यकर्तीने टंकलिखित केली. जोसी स्वतंत्र अल्जीरियात पत्रकार म्हणून राहिली. १९८९ मध्ये तिने आत्महत्या केली. ब्लिदाच्या रुग्णालयाला आज फॅननचं नाव आहे.

आता माझी पिशवी.

नव्वदच्या दशकात मी आणि माझी एक सहकारी एका तालुक्यातल्या काही गावांत बायकांचे गट बांधत होतो. आमच्याकडे चित्रांचा संच होता, शहरातल्या एका मैत्रिणीने काढलेला. दारुडा नवरा, हातात काठी, कोपऱ्यात बसलेली बाई, गुडघ्यात डोकं. चित्र दाखवायचं आणि विचारायचं, ‘या बाईला काय होतंय?’ मला वाटायचं, इतकं स्पष्ट चित्र आहे, कोण बोलणार नाही?

एका गावात पंधरा-सोळा बायका देवळाच्या ओट्यावर गोल करून बसवल्या. चित्र फिरलं. बराच वेळ कुणी बोलेना. मग एक म्हातारी म्हणाली, ‘हिच्या कपाळाला कुक्कू न्हाई. मालक तर म्होरं हुबा हाय.’ दुसरी म्हणाली, ‘गळ्यातबी काय न्हाई.’ तिसरी म्हणाली, ‘पंखा हाय वर. शेरातली आसंल.’ सगळ्या हसल्या. मी त्यांना विषयावर आणायचा प्रयत्न केला. त्या पुन्हा गप्प. त्या रात्री मी अहवालात लिहिलं : ‘महिलांचा प्रतिसाद नाही. हिंसेचा प्रश्न या गावात तीव्र दिसत नाही.’

त्या गोलात एक तरुण बाई बसली होती. तिचं नाव मी घेणार नाही. सबंध वेळ ती चित्राकडे बघत होती आणि एक शब्द बोलली नाही. मला ती आठवते ती एवढ्याचसाठी की तिने चित्र पुढे द्यायला वेळ लावला.

चार महिन्यांनी कळलं की तिला सासरच्यांनी एका मनोरुग्णालयात नेऊन सोडलंय. मागून नवऱ्याने बायको वेडी आहे म्हणून घटस्फोटाचा अर्ज टाकला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ते कारण आहे, तुम्हाला माहीतच आहे. कोर्टात काय काय निघेल म्हणून मी आमचे जुने कागद काढले, आणि माझ्याच अक्षरातलं ते वाक्य समोर आलं. ‘तीव्र दिसत नाही.’

तिला बाहेर काढायला आम्हाला आठ महिने लागले. भेटायला गेले तेव्हा तिने मला ओळखलं. मी विचारलं, त्या दिवशी का नाही गं बोललीस? ती म्हणाली, ‘ताई, तुमी मला इचारलंच न्हाई. तुमी त्या चित्रातल्या बाईचं इचारत हुता.’

पुढे त्याच गावात आम्ही चित्रं नेणं बंद केलं. पावसाळ्याआधी बायका वाकळा शिवायला बसतात, तिथे सुई घेऊन बसायला लागलो. माझा टाका वाकडा पडायचा, म्हाताऱ्या उसवून द्यायच्या. त्या दुरुस्त्यांत बोलणं निघायचं. जुनं लुगडं हातात आलं की ते कुणाचं, ती कशी वारली, वारली की मारली. एका उन्हाळ्यात जे कळलं ते दोन वर्षांच्या सभांत कळलं नव्हतं.

वाकळ शिवणं ही नवी पद्धत म्हणून मी सांगत नाहीये. तुम्ही उद्या दहा वस्त्यांत दहा गोधड्या घेऊन गेलात तर तेही एक व्हायोलिनचं चित्रच होईल. ब्लिदाच्या डॉक्टरकडून मी घेते ते एवढंच : माणूस गप्प बसला तर आधी माझ्या हातातलं चित्र तपासायचं, माझा दुभाष्या तपासायचा. आपल्यातही दुभाषे असतात. कधी सरपंचाची बायको असते, कधी अंगणवाडीच्या बाई, कधी आपलं शहरी मराठीच. आणि कुणाची केस लिहिताना खुर्चीला कोण बांधलेलं आहे हेही बघायचं, कारण ती आपण होऊन डॉक्टरकडे येणार नाही.

त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ती भावाच्या गावी राहते, शेळ्या पाळते. वेडी ठरवण्याचा अर्ज कोर्टाने फेटाळला. पोटगी कधी मिळाली, कधी नाही. दोन वर्षांपूर्वी तिने मला फोन करून शेजारच्या वाडीतल्या एका मुलीबद्दल सांगितलं. म्हणाली, ‘ती बोलत न्हाई म्हणत्यात. तुमी येऊ नगा, मी जाते आदी.’

दुपारच्या सत्रात भिंतीवरचे हे कागद पुन्हा हातात घेऊया. जिथे जिथे ‘बायका बोलत नाहीत’ लिहिलंय तिथे खाली लिहायचं : आम्ही काय विचारलं, कुठे विचारलं, कोण ऐकत होतं. मीही माझा जुना अहवाल आणला आहे. सुरुवात त्याच्यापासून करूया.